फक्त बरगडीच ना?

हाड मोडायचं नशिबात असेलच, तर माणसानं ते विचारपूर्वक निवडावं. हात मोडला की गळ्यात झोळी येते, प्लास्टर येतं, त्या प्लास्टरवर भाचरं स्केचपेननं चित्रं काढतात आणि बसमध्ये अनोळखी माणसं उठून जागा देतात. पाय मोडला तर विचारायलाच नको. कुबड्या येतात, चाकाची खुर्ची येते आणि सोसायटीच्या बंद पडलेल्या लिफ्टबद्दल चार वर्षं गप्प असलेले सेक्रेटरी एका रात्रीत मेकॅनिक बोलावतात. मान अवघडली तरी निदान पट्टा मिळतो. बरगडी मोडलेल्या माणसाला यातलं काहीही मिळत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो. तो हसत नाही, मोठ्यानं बोलत नाही आणि खुर्चीतून उठायला सांगितलं तर आधी थोडा विचार करतो, एवढंच. ही तिन्ही लक्षणं आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही पुरुषात आढळत असल्यामुळे कुणाला संशय येत नाही.

माझी बरगडी मोडली ती गणपतीच्या तोंडावर, माळ्यावरचं मोदकपात्र काढताना. स्टूल हललं, मी पडलो, मोदकपात्र वरच राहिलं. यात सांगण्यासारखं काही नाही आणि खरी अडचण तीच होती. भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न "कशानं?" असा विचारतो आणि उत्तरात किमान एखादा ट्रक तरी यावा अशी त्याची अपेक्षा असते. "राजगडावरून उतरताना" असं सांगता आलं असतं तर माझी पत वाढली असती. "मोदकपात्र" म्हटल्यावर पाहुणा माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघून विचारायचा, "मग यंदा मोदक नाहीत का?"

आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "स्पष्ट दिसत नाहीये. पण मोडलीय."

"दिसत नाही, तर मोडली कशावरून?" हिनं विचारलं.

"बरगडीचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दाबलं की कळतं." एवढं बोलून त्यांनी बोटांनी मोजत मोजत येऊन दाबलं. मला कळलं. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटनाही कळलं. "आठवी," डॉक्टर म्हणाले.

"मग एक्स-रे काढला तरी कशाला?"

"फुप्फुसाला भोक पडलंय का, छातीत हवा किंवा रक्त साठलंय का, ते बघायला. तसलं काही नाही. आता काही करायचं नाही."

'काही करायचं नाही' हे वाक्य मध्यमवर्गीय कुटुंबाला सहन होत नाही. प्लास्टर? नाही. ऑपरेशन? डॉक्टरांनी सांगितलं की लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना बाकीची छाती फुगत असताना तो आत जातो. अशा वेळी टायटॅनियमच्या पट्ट्या बसवायचा विचार करतात. टायटॅनियम म्हटल्यावर माझ्या मेहुण्याचे डोळे चमकले होते. मला त्याची गरज नाही हे ऐकून तो हिरमुसला. निदान पट्टा तरी? तोही नाही. पूर्वी मोडक्या बरगड्यांवर रुंद चिकटपट्ट्या आवळून बांधायचे. आमच्या काकांना तरुणपणी तशा बांधल्या होत्या आणि त्या काढताना छातीवरचे केस कसे गेले, हे ते आजही जेवणाच्या पंगतीत सांगतात. ती पद्धत सोडून दिली, कारण छाती आवळली की श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा तळ नीट फुलत नाही, तिथे कफ साठतो आणि बरगडी जुळेपर्यंत न्यूमोनिया पाहुणा येतो. पेशंट वयस्कर असेल आणि बरगड्या जास्त मोडल्या असतील, तर हा धोका वाढत जातो.

माणसाला २४ बरगड्या असतात, म्हणजे १२ जोड्या. पहिल्या सात जोड्या आपापल्या कूर्चेनं थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. शरीरशास्त्रात त्यांना खऱ्या बरगड्या म्हणतात. आठवी, नववी आणि दहावी वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून असतात, म्हणून त्या खोट्या. शेवटच्या दोन समोर कशालाच जोडलेल्या नसतात, त्या तरंगत्या. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडामागे सुरक्षित बसलेली असते आणि फार जबरदस्त मार बसल्याशिवाय मोडत नाही. मार खायचं काम बहुतेक वेळा मधल्यांकडे येतं. माझी मोडलेली आठवी शास्त्राप्रमाणे खोटी निघाली. हे आमच्या आत्याला कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिला पहिल्या दिवसापासून संशय होताच.

हात मोडला तर हाताला सुट्टी देता येते. बरगडीला सुट्टी दिली, तर उरलेल्या माणसालाही कायमची सुट्टी मिळते. आपल्या योगपरंपरेनं दिवसाचे २१,६०० श्वास मोजून ठेवले आहेत. मिनिटाला १५ धरले तर हिशोब चोख जुळतो आणि डॉक्टरही मिनिटाला १२ ते २० म्हणतात. या प्रत्येक श्वासाबरोबर माणूस नकळत 'सोऽहम्' म्हणत असतो आणि त्यालाच अजपाजप म्हणतात, असं परंपरा सांगते. माझ्या जपाचा मंत्र 'आई गं' असा होता आणि तो मुळीच नकळत होत नव्हता. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते. तिच्यातून शीर, धमनी आणि मज्जातंतू असे तिघे एका ओळीत जातात. मोडलेलं हाड हललं की या तिसऱ्याला सगळ्यात आधी बातमी लागते आणि तो ती लगेच वर कळवतो.

आता सोसण्याबद्दल. आमच्या घराण्यात सोसण्याला फार मान आहे. आजोबांनी म्हणे भूल न घेता दाढ काढून घेतली होती. त्यामुळे "गोळ्या कशाला घेतोस? थोडं सोसावं माणसानं," असं सांगणाऱ्यांची रांग लागली. मीही बाणेदारपणे एक दिवस सोसून पाहिलं. फिजिओथेरपीच्या मुलीनं सांगितलं, "काका, मोठा श्वास घ्या बघू." मी घेतला. "हा झाला? मला वाटलं अजून सुरू व्हायचाय." मग तिनं मला समजावलं. इतर ठिकाणी गोळी दुखणं विसरायला घेतात, इथे ती श्वास घेता यावा म्हणून घ्यायची. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकला आवरून धरतो, कफ आतच राहतो आणि सोसणारा वीर आठवड्याभरात ताप घेऊन परत येतो. बरगडीच्या पेशंटनं गोळी वेळेवर घेणं हीच शिस्त. गोळ्यांनी दुखणं आवरेना तर पाठीत किंवा बरगडीजवळ सुई देऊन मज्जातंतूच बधिर करतात. आजोबांचं नाव राखण्याचा माझा प्रयत्न तिथेच संपला. मात्र काही जोरकस वेदनाशामकांचा एक गुण कुणी आधी सांगत नाही. त्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर तर करता येत नाही. या विषयावर मी इसबगोलाचे आभार मानून पुढे जातो.

त्या मुलीनं माझ्या हातात एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. तीन नळकांडी, प्रत्येकात एक रंगीत गोळा, आणि तोंडात धरायची नळी. नळकांड्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे. नवा माणूस ते हातात आलं की जोरात फुंकतो. मीही फुंकलं. गोळे जागचे हलले नाहीत.

"काका, फुंकायचं नाही, ओढायचं. सावकाश. बशीतून चहा ओढता ना, तसा."

इतकी वर्षं ज्या आवाजावरून घरात माझा उद्धार होत होता, त्याला वैद्यकीय मान्यता मिळालेली ऐकून मला भरून आलं. पहिला गोळा वर गेला. दुसरा नुसता कुरकुरला. तिसरा निवृत्त झालेला असावा. घरी हे यंत्र दिवाणखान्यात ठेवलं आणि त्याची लगेच स्पर्धा झाली. भाच्यानं पहिल्याच दमात तिन्ही गोळे वर चिकटवून ठेवले, मेहुण्यानं दोन केले आणि "नळी सैल आहे" म्हणाला. शेवटी हिनं ते धुऊन, पुसून माझ्या उशाशी ठेवलं आणि तोंड लावणाऱ्याला डेटॉल प्यावं लागेल अशी ताकीद दिली.

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बरगडीवाल्यांची एक जमात जमत असे. आमची ओळख पटायला वेळ लागत नाही. प्रत्येकाच्या कुशीत उशी असते. खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळायची आणि तिच्यावर भार टाकून खोकायचं, म्हणजे मोडलेल्या जागी आधार मिळतो. त्यामुळे सदऱ्याला इस्त्री, पायात चकचकीत बूट आणि काखेत फुलाफुलांचा अभ्रा घातलेली उशी असे प्रतिष्ठित गृहस्थ तिथे दिसत. एक आजोबा पलंगावरून पडलेले होते. ढोल-ताशा पथकातला एक मुलगा सरावाहून येताना मोटरसायकलवरून घसरला होता आणि ढोल कमरेला बांधायचा की छातीला, यावर डॉक्टरांशी अजून वाटाघाटी करत होता. एका मावशींची बरगडी नुसत्या खोकल्यानं मोडली होती. जुनाट खोकला आणि ठिसूळ हाडं एकत्र आली की असं होतं. त्यांचं दुःख फार मोठं होतं, कारण बरगडी खोकल्यानं मोडली आणि आता डॉक्टर म्हणत होते, खोका.

या जमातीत खरा मान होता तो एका निवृत्त शिक्षकांना. त्यांचं हृदय थांबलं होतं आणि शेजारच्या मुलानं त्यांच्या छातीवर दाब देऊन ते पुन्हा सुरू केलं होतं. हा दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल द्यायचा असतो. एवढ्या जोरात दाबलं की बरगड्या मोडणं अगदी नेहमीचं. "बरगड्या कुणी मोडल्या?" असं विचारलं की मास्तर अभिमानानं त्या मुलाकडे बोट दाखवायचे. तो त्यांना रोज स्कूटरवरून घेऊन यायचा. मास्तर म्हणत, "दहावीला याला मी गणितात नापास केला होता. सगळा हिशोब चुकता केला यानं." एवढं बोलून ते हसायचे आणि मग आम्ही सगळेच उशा कवटाळायचो.

हसणं. बरगडीच्या पेशंटच्या आयुष्यातला हा सर्वांत महागडा पदार्थ. शिंक परवडत नाही, पण ती क्षणात संपते. आमच्याकडे मिरचीची फोडणी देण्याआधी "देतेय हो!" असा पुकारा व्हायचा आणि मी उशी घेऊन गॅलरीत जायचो. उचकीला पाणी आहे, जांभई अर्ध्यावर मिटता येते. हसू मात्र सुरू झालं की आपल्या हातात राहत नाही, आणि दुखतंय हे कळल्यावर ते जास्तच येतं. घरात सगळे गंभीर राहायचं ठरलं. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम चालतील का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी अजिबात हरकत घेतली नाही. त्यांनीही ते पाहिलेले असावेत. धोका होता तो कौटुंबिक मालिकांचा. नायिकेच्या स्मृतिभ्रंशाच्या प्रसंगी मला दोनदा खोली सोडावी लागली. भांडणंही बंद झाली. भांडायला दोन्ही बाजूंना दम लागतो आणि माझ्याकडे तो एका गोळ्यापुरताच होता. ही तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळायची आणि म्हणायची, "जाऊ दे. बरे व्हा आधी."

अशा दिवसांत शेजारचे काका भेटायला आले. काका हास्यक्लबाचे जुने सभासद. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईच्या एका बागेत मोजक्या लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो पुढे जगभर पसरला. त्याची एक शाखा आमच्या इमारतीच्या मागच्या बागेत रोज सकाळी सहा वाजता पसरते. काका एकटे आले नव्हते. अख्खा क्लब आला होता.

"हसणं हे सर्वोत्तम औषध!" काका म्हणाले.

"मला नको," मी म्हणालो.

"तुम्ही नुसते बघा. आम्ही हसतो."

विनाकारण हसणं हेच त्या क्लबाचं तत्त्व. आमच्या दिवाणखान्यात दहा-बारा ज्येष्ठ नागरिक हात वर करून, कुणीही काहीही विनोद न करता, खदाखदा हसू लागले. मी छताकडे पाहिलं. वीजबिलाचा विचार केला. एका आजींची कवळी सुटली आणि ती त्यांनी हवेतच झेलली. त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी उशीत तोंड खुपसून हसतोय, हुंदके देतोय, 'आई गं' म्हणतोय आणि काका सर्वांना सांगताहेत, "बघा, लगेच गुण आला!" एवढंच ऐकू येत होतं.

इतर पाहुणे हसवायचे नाहीत, पण खायला घालायचे. डिंकाचे लाडू आले, अळिवाची खीर आली, हळद घातलेलं दूध तर नळाला आल्यासारखं रोज ठरल्या वेळी आलं. गावाहून कुणीतरी हाडसांधीचा वेल पाठवला. हाडं सांधतो म्हणून त्याची ख्याती आहे, पण तो चिरताना हिच्या हातांना इतकी खाज सुटली की पेशंट नक्की कोण, असा प्रश्न पडला. बोकडाच्या पायांचं सूप घेऊन आलेल्या मित्राला मी विचारलं, "एवढे मजबूत पाय असून त्याला पळून का जाता आलं नाही?" त्याला राग आला. सूप मात्र ठेवून गेला. या सगळ्यांचं जाताना एक वाक्य ठरलेलं असायचं. दारात चपला घालत, दिलासा द्यायच्या सुरात, "चला, फक्त बरगडीच ना? थोडक्यात निभावलं." रात्री पाठीमागे तीन उशा लावून अर्धवट बसल्या अवस्थेत, कूस बदलायचे टप्पे मनातल्या मनात ठरवताना ते 'फक्त' मला फार छळायचं. आधी गुडघे वळवायचे, मग कोपर रोवायचं, मग सगळं धड एका तुकड्यात फिरवायचं आणि पाय खाली सोडत उठायचं. उठून उभं राहिल्यावर लक्षात यायचं की तहान गेलेली आहे.

गणपती आले. आरतीला मी उशीसह उभा राहिलो. आमच्याकडे विठ्ठलाच्या आरतीत स्वर लांबवायची जुनी चढाओढ आहे आणि तिथे मेहुणा अनेक वर्षं विजयी. पहिल्या संध्याकाळी मी दुसऱ्याच अक्षरावर गळालो. पण पाहुण्यांमागून पाहुणे येत होते, आरत्यांमागून आरत्या होत होत्या, आणि मोठा श्वास घेऊन तो सावकाश सोडायचा हाच तर माझा गृहपाठ होता. फिजिओच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मस्त! टाळ्या मात्र खांद्याच्या खालूनच वाजवा."

डॉक्टर म्हणाले होते त्याप्रमाणे बरगडी आपली आपण जुळत होती. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गुठळी होते, मग मऊ सांधा धरतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. साधारण सहा आठवड्यांत हे काम होतं आणि दुखरेपणा काहींना त्यानंतरही काही महिने पुरतो. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड सावकाश जुळतं. हे सगळं चालू असताना ती बरगडी श्वासागणिक वर-खाली होतच असते. दुरुस्ती चालू असताना दुकान एक मिनिटही बंद न ठेवणारी ही शरीरातली एकमेव शाखा असावी, आणि तिला कुणी प्लास्टरवर सही करून शाबासकीही देत नाही.

आजार दिसला नाही, त्यामुळे बरं झालेलंही कुणाला दिसत नाही. भाजीची पिशवी उचलता आली, तर लोक म्हणाले, "मग इतके दिवस का नाही आणली?" शिंक आली, मी सवयीनं उशीकडे हात नेला आणि ती उशीविनाच पार पडली, तेव्हा टाळी वाजवायला घरात कुणी नव्हतं. एकदा रात्री जेवणानंतर मी यंत्र तोंडाला लावून ओढलं आणि तिन्ही गोळे वर गेले. ६००, ९००, १२००. भाच्यानं शिट्टी मारली. मी त्यांना वरच धरून ठेवलं आणि विजयी मुद्रेनं हिच्याकडे पाहिलं.

हिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, खुर्ची ओढून माझ्यासमोर मांडली आणि शांतपणे म्हणाली, "झालात ना बरे? बसा आता. गणपतीच्या आधीपासून साठलंय सगळं. पहिली गोष्ट, माळ्यावर स्टूल लावू नका, शिडी घ्या, असं मी किती वेळा सांगितलं होतं?"